लेपांची बरणी

गुमोकची लेक हेजू आजारी आईला घेऊन सोल सोडून आमच्या सोक्चोला आली, तेव्हा मी बंदरावर मासे साफ करत बसले होते. म्हटलं, आली बाई शहाणी! जन्म गेला ऑफिसात, मासा कुठून धरायचा ते ठाऊक नाही, आणि आता आईसाठी रांधणार म्हणे.

गुमोक माझी लहानपणची मैत्रीण. डॉक्टरांनी हात टेकले होते. पेजेचा चमचा पुढे केला की तोंड फिरवायची. एकच धोशा: "माझ्या आईच्या हातचं लेपांचं सिखे खायचंय." सिखे म्हणजे लेप माशांचं तिखट घालून मुरवलेलं लोणचं. तिची आई युद्धात उत्तर कोरियातून पळून आली, ती येताना एवढीच काय ती चव घेऊन आली.

"मावशी, शिकवा ना," हेजू म्हणाली.

शिकवलं. लेप खारवून वाऱ्यावर सुकवले. राळ्याचा भात, मुळ्याचा कीस, मूठभर लसूण, आलं, लालभडक तिखट. सगळं कालवून बरणीत दाबून भरलं.

"आता मुरू दे. बोट घालायचं नाही."

"किती दिवस?"

"त्याला वाटेल तितके. मासा काय तुझा नोकर आहे?"

बोलून गेले, आणि तिचं तोंड बघून जीभ चावली. दिवस होतेच कुठे?

गुमोक रोज उठली की विचारायची, "झालं का?" हेजूने बरणी पांघरुणात गुंडाळून आईशेजारी खालून तापवलेल्या जमिनीवर ठेवली. मी ओरडले, "आंबट ढाण होईल, मूर्ख मुली!" ऐकतेय कुठली! शेवटी न राहवून तिने एक घास भरवलाच. गुमोकने चघळला आणि थुंकला. "कच्चं आहे. मुरू दे अजून." मरणाच्या दारात बसली होती, पण खोड जाईल तर शपथ! मी आणि हेजू खूप हसलो.

त्याच आठवड्यात ती गेली.

माती देऊन आल्यावर तिच्या फोटोपुढे पान मांडायचं होतं. स्वयंपाकघरात सिखेचा वास सुटला होता. हेजूने वाटी भरून आणली.

"ते मागे ने," मी म्हटलं.

"आईला हेच हवं होतं, मावशी."

"हवं होतं गं. पण तिखट-लसणाचा वास आला की आत्मा उंबऱ्यावरूनच परत फिरतो. तुला ठाऊक नाही का?"

"ठाऊक आहे."

ती वाटी धरून तशीच उभी. वाढलं तर आई यायची नाही, नाही वाढलं तर आईला मिळायचं नाही. शेवटी तिने वाटी आत नेली आणि पानात बिनतिखटाचा उकडलेला मासा ठेवला.

सगळे गेल्यावर ती स्वयंपाकघरात बरणीपाशी बसली होती. चमचा माझ्यापुढे करून म्हणाली, "बघा ना मावशी, झालं का?"

मी खाल्लं. गुमोकच्या आईच्याच हातची चव. लहानपणी आम्ही दोघी चोरून खायचो, तीच.

"कच्चं आहे गं," मी म्हटलं. "अजून मुरायला हवं."

तिने एक चमचा घेतला, सावकाश चावला.

"हो, कच्चंच आहे," म्हणाली, आणि दुसरा चमचा घेतला.