धर्माजीच्या पानावरची चटणी

बोर्ली पंचतनला आमच्या कुंपणाला लागून धर्माजी गाडीवानाचं घर होतं. गोदू त्याची बायको. तिच्याविषयी लिहायचं तर आधी चटणीविषयी लिहावं लागतं, आणि तेही शेंगदाण्याच्या. नारळ आणि सुका जवळा सोडून आमच्याकडच्या माणसांनी दाण्याच्या चटणीवरून वर्षानुवर्षं वाद घालावा, हे परक्या माणसाला पटायचं नाही. पण आमच्या गावाला वाद घालायला मोठं कारण कधीच लागलेलं नाही.

धर्माजी आणि त्याचा दोस्त गुणाजी दोघे बैलगाड्या हाकायचे. दिवेआगरच्या वाड्यांतली नारळ-सुपारी भरायची, माणगावच्या बाजारात उतरवायची, आणि येताना घाटावरून आलेले दाणे, मिरच्या, गूळ घेऊन परतायचं. वाटेत मुक्काम पडत. नारळाची चटणी दुसऱ्या दिवशी आंबते, म्हणून गोदू दोघांच्या फडक्यात दाण्याची चटणी बांधून द्यायची. गुणाजीची बायको फार लवकर गेली होती आणि मूलबाळ नव्हतं, तेव्हा त्याची भाकरीसुद्धा गोदूच्याच चुलीवर भाजली जाई.

आता चटणी एकच होती. तेच भाजलेले दाणे, तीच लसूण, तीच मिरची. पण धर्माजीला ती उखळात कुटलेली लागायची, दाण्याचे कण दाताखाली येतील अशी भरड. गुणाजीला लागायची पाट्यावर वाटलेली, तेल सुटून तिचा मऊ गोळा होईपर्यंत. म्हणून गोदू आधी उखळापाशी बसायची, मग पाट्यापाशी. दोघांपैकी एकालाही असं कधी वाटलं नाही की या बाईला एकदाच काय ते करू द्यावं. मला तेव्हाही या गोष्टीचा राग यायचा, आणि अजून येतो. पण गोदूला यायचा नाही. ती म्हणायची, "भांडतात तवर बरं हाय. गप बसले तर मला भ्या वाटंल."

आणि भांडायचे तरी किती! संध्याकाळी गाड्या सोडल्या, बैलांना पेंढा टाकला, की पडवीत दोघे समोरासमोर जेवायला बसत.

"धर्मा, तुझी अर्धी चटनी भाकरीवरनं खाली सांडते. मुंग्यांना घालतोस का सवता खातोस?" गुणाजी म्हणायचा.

"आनि तुझी ती चटनी हाय का मलम? देवानं दात कशाला दिलेत मानसाला?"

"बोलायला आड यावेत म्हनून. पन तुझ्यापुढं त्यांचं काय चालत न्हाय."

मग धर्माजी मुद्दाम आवाज करत चावायचा, आणि गुणाजी कानांवर हात ठेवायचा. कुंपणापलीकडे आम्ही जेवता जेवता हसायचो. बोर्लीच्या बाजारात वाण्याच्या दुकानापुढे तर सरळ दोन तट पडले होते. कोणाच्या लग्नाच्या जेवणात दाण्याची चटणी असली, की आचारी विचारायचा, कुटू का वाटू? आणि घरातली माणसं म्हणायची, दोन्ही कर बाबा, ते दोघं येणार आहेत.

पन्नाशी उलटल्यावर धर्माजीच्या दाढा हलायला लागल्या आणि एकेक करून गेल्या. पुढचे दात तेवढे जागेवर होते, त्यामुळे हसला तर कोणाला कळायचं नाही. एके दुपारी घरात दुसरं कोणी नसताना त्याने गोदूला हळूच सांगितलं, "आजपासनं मला वाटलेली दे."

गोदूला हसू आवरेना. तोही हसला, पण मग एकदम गंभीर झाला. म्हणाला, "गुणाला कळता कामा न्हाय. माझ्या गळ्याची शपथ हाय तुला. मी मेलो तरी सांगायचं न्हाय."

"बरं, न्हाय सांगत," गोदू म्हणाली. नवऱ्याच्या खोडीत सामील व्हावं तसंच तिने ते घेतलं.

त्या दिवसापासून ती धर्माजीच्या पानात खाली वाटलेल्या चटणीचा गोळा ठेवी आणि वरून चिमूटभर कुटलेली भुरभुरे. समोर बसलेल्या गुणाजीला वरचं तेवढं दिसे. धर्माजी रिकामं तोंड हलवून म्हणे, "बघ, दाना कसा दाताखाली येतो!" गुणाजी म्हणे, "खा, मातेरं खा." आणि चुलीपाशी गोदू पदर तोंडाला लावून बसलेली असे. पुढे ही गोष्ट तिने माझ्या आईला, केसरला, सांगितली, म्हणून मला ठाऊक.

तेहेतीस सालच्या पावसाळ्याच्या अखेरीस धर्माजीला हिवताप आला. अंगावर घोंगड्या टाकल्या तरी हुडहुडी थांबेना. कोणी काढे दिले, कोणी अंगारा लावला, आणि सकाळी बैल सोडायच्या वेळेला तो गेला.

गोदू रडली नाही. बायकांनी गळ्यात पडून हंबरडा फोडला, ती नुसती उभी. कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या, तिने हात पुढे केला आणि मागे घेतला. नंतर कोणीतरी पाणी पी म्हटलं, तर प्यायली. बायका आपापसात कुजबुजल्या की हिला काही वाटत कसं नाही. खरं म्हणजे त्यांचं बरोबरच होतं. तिला काहीच वाटत नव्हतं. आई म्हणायची, गोदूचा हात हातात घेतला तर लाकूड धरल्यासारखं वाटे.

दहाव्याला ओढ्याकाठी पिंड ठेवायचे होते. पिंडांशेजारी, गेलेल्या माणसाच्या आवडीचं पान वाढतात. गोदूने पहाटे उठून सगळं रांधलं. भात, वरण, घावन, भोपळ्याची भाजी. मग तिने दाणे भाजले आणि उखळात कुटले. हात आपसूक उखळाकडे गेला की तिने तो मुद्दाम नेला, हे तिला पुढेही सांगता आलं नाही. सगळं गाव येणार, गुणाजी येणार, आणि धर्माजीच्या पानावर कुटलेली चटणीच हवी, हे तर शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

पुतण्या शिवदासने पिंड ठेवले, पान ठेवलं, आणि सगळे मागे सरले. बायका जरा दूर आंब्याखाली थांबल्या. कावळे आले. एक पिंडापर्यंत उड्या मारत गेला, मान वाकडी करून पाहिलं, आणि परत फांदीवर जाऊन बसला. दुसऱ्यानेही तेच केलं.

मग सुरू झालं ते नेहमीचं. येसाजी म्हातारा गावात वडीलधारा. तो पुढे होऊन म्हणाला, "धर्मा, बांधाचा वाद मी मिटवीन, काळजी करू नगो." कावळा हलला नाही. शिवदास म्हणाला, "काका, बैल मी इकनार न्हाय." कावळा नाही. कोणी म्हणालं, बायकोत जीव अडकला असेल. शिवदासने हात जोडून काकीला सांभाळायचं वचन दिलं. तरी नाही.

गोदू आंब्याखालून बघत होती. तिला ठाऊक होतं. पानावरची चटणी त्याची नव्हती. दाढा गेल्यापासून वरच्या चिमटीखेरीज त्याने ती तोंडात धरली नव्हती. तिने एक शब्द बोलायचा अवकाश, घर काही लांब नव्हतं, पाटा घासलेलाच होता. पण बोलली तर गळ्याची शपथ मोडते, आणि सगळ्या गावादेखत धर्माजी गुणाजीपुढे खोटा पडतो. न बोलली तर त्याचा जीव तिथेच घुटमळत राहतो. दुसरी कोणी असती तर या पेचात वेडीपिशी झाली असती. गोदू नंतर आईला म्हणाली, "मला काय वाटतच नव्हतं गो केसरे. कावल्याकडं बघत हुते आनि कावला दिसत हुता. बस, एवढंच."

शेवटी गुणाजी पुढे आला. इतका वेळ तो मागे बसून होता. त्याने डोक्यावरचं मुंडासं काढलं आणि पानापुढे हात जोडले. "धर्मा," तो म्हणाला, "हरलो मी. कुटलेलीच खरी. आजपासनं मी बी कुटलेलीच खाईन, तुला वचन देतो. शिव आता."

कितीतरी जणांच्या डोळ्यांत पाणी आलं. कावळा मात्र तसाच फांदीवर.

ऊन चढलं. भटजींना दिघीला दुसऱ्या कार्याला जायचं होतं आणि ते सारखे सूर्याकडे बघत होते. त्यांनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला लावला, आणि विधी उरकला. माणसं अंघोळी करून परतली. गोदूने पान उचललं नाही, मागे वळून पाहिलं नाही, घरी येऊन चुलीतली राख काढली.

गावाला मात्र चघळायला विषय मिळाला. धर्माजीचा जीव कशात अडकला? बायकोने काही लपवलं तर नसेल? आपण काय बोलतो याचं भान आमच्या गावाला कधी असेल तर शपथ. हे सगळं गोदूच्या कानावर जायचं. ती ऐकायची आणि पाणी भरायला जायची.

गुणाजीने वचन पाळलं. गाड्यांचे दिवस तसेही संपत आले होते, मोटारी यायला लागल्या होत्या. तो शिवदासच्या हाताखाली जोडीला म्हणून राहिला होता, आणि संध्याकाळी आपल्या जागेवर, पडवीत जेवायला बसायचा. गोदू त्याला कुटलेली चटणी वाढायची. पाटा भिंतीला टेकवून ठेवला तो ठेवलाच. कधी ती चटणीत मीठ घालायला विसरायची, कधी दोनदा घालायची. गुणाजी मुकाट्याने खायचा. समोरची जागा रिकामी. पूर्वी ज्या पडवीतला आवाज आमच्या घरात ऐकू यायचा, तिथे आता भांडं ठेवल्याचा तेवढा आवाज यायचा. दोघं एकमेकांशी फार तर पावसाविषयी, बैलाविषयी बोलत. गोदूचे दिवस असे चालले होते की सकाळ झाली तरी ठीक, नाही झाली तरी ठीक.

आणि गुणाजीचे दात धर्माजीपेक्षा काही चांगले नव्हते. दाण्याचे कण हिरड्यांत रुतत. एक गाल सुजलेला असायचा. तो घास पाण्याबरोबर गिळायचा. गोदूला हे दिसत होतं, पण आत पोचत नव्हतं.

शिमगा होऊन गेला होता. उजेड असतानाच गुणाजी जेवायला बसला. दुसऱ्या-तिसऱ्या घासाला तो थांबला, तोंडावर हात धरला. हात काढला तर पांढऱ्या भाकरीवर रक्त पडलेलं. त्याने तेवढा तुकडा बाजूला केला आणि पुन्हा चटणीला बोट लावलं.

"भावजी, नगा खाऊ ती," गोदू म्हणाली.

"वचन दिलंय, वयनी."

"टाका म्हनते ना!" तिचा आवाज चढला. कितीतरी महिन्यांत चढला नव्हता. "त्यो सवता खात नव्हता ती. दाढा गेल्यापासनं वाटलेलीच खायचा. वर कुटलेली टाकायचे मी, तुमास्नी दिसायला. मला शपथ घातली हुती गळ्याची. आता मोडली."

गुणाजीने चटणीचं बोट पानाच्या कडेला पुसलं. "माझ्यासमोर बसून?"

"व्हय. तुमच्यासमोर बसून."

"आनि मला म्हनायचा, दाना दाताखाली येतो?"

"व्हय."

गुणाजी उठला. "लबाडा!" तो रिकाम्या जागेकडे बोट करून ओरडला. "धर्म्या, लबाडा! म्हंजे जिंकलो मी! ऐकलंस का? जिंकलो रे मी!"

आणि बोलून झाल्यावर तो तसाच उभा राहिला. इतकी वर्षं त्याच्या कुठल्याही बोलण्याला समोरून तडकाफडकी उत्तर आलं होतं. त्याने वाट पाहिली. मग हळूहळू खाली बसला, आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून म्हणाला, "वयनी, आता सांगू कोनाला ह्ये?"

तेव्हा गोदू रडली. असा मोठा हंबरडा फोडला की आई हातातलं सूप टाकून कुंपण ओलांडून धावली. मीही मागोमाग गेलो. गोदू जमिनीवर पडून रडत होती, कपाळ आपटत होती. गुणाजीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ओठांवर रक्त होतं.

"अगो बाई, काय झालं?" आईने विचारलं.

"धर्मा गेला," गुणाजी म्हणाला.

आई गोदूजवळ जाऊन बसली.