न हसवणारा दुसरा भाग
लसणाची फोडणी दिलेल्या भडंगाचा वास आला की मला ती दुपार आठवते. घशाच्या ऑपरेशननंतर बायको दोन महिने नुसत्या खुणा करत होती. आवाज शाबूत आहे, असं डॉक्टर सांगत होते, पण तो घोगरा येईल या भीतीनं ती तोंडच उघडत नव्हती. गुप्तहेरांची टिंगल करणाऱ्या एका सिनेमाला ती पूर्वी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली होती, म्हणून त्याचा दुसरा भाग लागल्यावर मी तिला घेऊन गेलो. पर्समध्ये लपवून आणलेलं भडंग आम्ही अंधारात खात होतो आणि पडद्यावर त्याच हेराची तीच खोटी मिशी पुन्हा सूपच्या वाटीत पडत होती. मी जुन्या मोटारसायकली घेऊन विकणारा माणूस. वरून रंग मारलेला माल मला लांबून कळतो. मी मोठ्यानं म्हणालो, "शिळंच गरम करून वाढलंय की!" मागून एकजण ओरडला, "ओ पावणं, गप बसा की!" मी ताडकन उठून त्याच्याकडं वळलो, "तुला हसू येतंय व्हय रं ह्यात?" तेवढ्यात शेजारून माझा शर्ट ओढला गेला आणि फाटका, घोगरा आवाज आला, "त्याचं ऱ्हाऊ द्या, मला येतंय. बसा खाली!" भांडण अर्धवट सोडून मी आयुष्यात तेवढं एकदाच खाली बसलो. चांगल्या सिनेमाची माती केली म्हणून त्या दिग्दर्शकावर माझा अजून राग आहे, आणि दुसरा भाग हसवतो का असं कुणी विचारलं तर मी साफ नाही म्हणतो. पण तो माणूस कधी कोल्हापुरात भेटलाच, तर आधी त्याच्या पाया पडेन आणि मग भांडेन.