मर्लची बरणी

पेनेशॉच्या धक्क्याला फेरीबोट लागली की ग्लेनिस टर्व्हेचं डोकं तापायचं. कांगारू बेटावर बाहेरचा मध आणायला बंदी आहे, हे एवढ्या मोठ्या पाटीवर लिहिलेलं असतं. पण लोक वाचतील तर शपथ. बाहेरच्या मधातून पोळ्यातल्या अळ्या सडवणारा रोग येतो आणि मग मधमाश्यांच्या पेट्या माश्यांसकट जाळाव्या लागतात. नवरा गेल्यावर ग्लेनिसने याच माश्यांच्या जिवावर घर चालवलं होतं. त्यामुळे धक्क्यावर जाऊन परक्यांच्या पिशव्यांत नाक खुपसायला तिला मुळीच लाज वाटत नसे. एका प्राध्यापकाच्या हातातला मध लावलेला पाव तिने हिसकावून कचऱ्यात टाकला होता. बरं केलं.

त्या उन्हाळ्यात ॲडलेडहून धाकटी बहीण मर्ल राहायला आली. सख्ख्या बहिणीची पिशवी कोण तपासतं? दुसऱ्या दिवशी सकाळी ग्लेनिस चहाचा कप घेऊन मागच्या दारी आली, तर पायरीवर एक रिकामी बरणी आडवी ठेवलेली. आत तिच्या माश्या दाटीवाटीने तळ चाटत होत्या. बरणीवर ॲडलेडच्या दुकानाचं लेबल होतं.

तिने घाईघाईने टॉवेल टाकला, पण पोट भरलेल्या कितीतरी माश्या केव्हाच पेट्यांत परतल्या होत्या.

"प्रवासात घसा धरतो म्हणून आणला होता," मर्ल म्हणाली. "तळाशी चमचाभरही नव्हता गं."

"चमचाभर पुरतो. पाटी वाचली नाहीस?"

"वाचली की. पण ती पाहुण्यांसाठी असते. मी इथलीच ना?"

नियम आपल्यासाठी नसतो असं मानणाऱ्यांचा संताप येतोच, पण ते आपल्याच घरात निघाले की अंगाची लाही होते. ग्लेनिसने स्वतःच शेतीखात्याच्या अधिकाऱ्याला फोन लावला. तो आला आणि त्याने पेट्यांना सील ठोकलं. यंदा मध विकायचा नाही, पेट्या हलवायच्या नाहीत, आणि रोग दिसलाच तर सगळं जाळायचं.

मर्लला बोटीवर सोडायला ग्लेनिस गेली. धक्क्यावर मर्लचे डोळे भरून आले.

"आई नाही का रिकामी बरणी पायरीवर ठेवायची? माश्यांचं माश्यांना परत, म्हणायची."

"आईच्या बरणीत आपल्याच पेट्यांतला मध असायचा," ग्लेनिस म्हणाली. "पुढच्या वेळी माझ्या पेट्या उरल्या असतील, तर इथे उतरल्यावर पहिली पिशवी तुझी उघडीन."