पेचकस कानाला लावणारा

सक्करदऱ्यात एका छोट्या दुकानात एक म्हातारा मिक्सर-पंख्यांच्या मोटरी दुरुस्त करायचा. नाव मी विचारलं नाही. गुडघ्यांमुळे मला वाकून झाडता येत नाही, आणि माझा व्हॅक्युम क्लीनर खरखरायला लागला होता, म्हणून तो त्याच्याकडे नेला.

त्यानं बेरिंग बदललं आणि मोटर चालू केली. पेचकसाचं टोक मोटरीला टेकवलं, त्याची मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून बराच वेळ तसाच बसला. मग पेचकस माझ्या हातात दिला.

"तुमीच ऐका, बाई. मले आता ऐकू येत नाही. गिऱ्हाईकं म्हणतात, मस्त चालून राहिली. अन् आठ दिवसांत तेच मशीन परत घेऊन येतात. काहून खोटं बोलतात?"

मी टोक मोटरीला टेकवून मूठ कानाला लावली. जात्यात खडा अडकावा तसा आवाज येत होता.

"तशीच खरखरून राहिली गा," मी ओरडून सांगितलं. "काही फरक नाही."

त्यानं मोटर बंद केली. पेचकस पुसून डब्यात ठेवला आणि डब्याचं झाकण लावलं.

"दुसऱ्या कोणाले दाखवा," म्हणाला.

महिन्याभरानं गेले तर त्याच्या दुकानात मोबाईलची कव्हरं लटकत होती. खरं बोलल्याचा मला पस्तावा नाही. खोटं बोलले असते, तर त्याला आणखी आठ दिवस मिळाले असते, एवढंच.