लोधीपुरा निरंक

शालिग्राममामा जेवता जेवता मधेच घास थांबवायचा आणि म्हणायचा, "कोणीतरी दार वाजवतंय." कोणी नसायचं. आम्ही सांगून सांगून थकलो. तो उठायचा, दार उघडायचा, रिकाम्या गल्लीकडे बघत उभा राहायचा आणि पुन्हा पानावर येऊन बसायचा. दार मात्र उघडंच. मग मांजर येवो की कुत्रं. शेजारी म्हणायचे, मास्तरांच्या डोक्यावर परिणाम झालाय. त्यांची तोंडं कोण धरणार? पण मला त्यांचा राग यायचा. त्यांच्या पोरांच्या दंडावर लसीचे व्रण आहेत ते मामामुळे. माझ्या चेहऱ्यावर आहेत ते वेगळे.

मामा म्हणजे माझ्या आईचा, सरुबाईचा, थोरला भाऊ. शाळेत गणित शिकवायचा. हिशेबाला इतका पक्का की लग्नात अक्षतासुद्धा मोजून टाकील, अशी आई त्याची चेष्टा करायची. पुढे वर्गात फळ्यावर शून्य काढताना त्याचा हात थबकायला लागला. पोरं हसायची. पोरांना काय माहीत?

स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती. संस्थानं विलीन होत होती, भूगोलाच्या पुस्तकातले नकाशे बदलत होते. त्यातच एका उन्हाळ्यात बुऱ्हाणपुरात देवीची साथ आली आणि नागपूरहून एक डॉक्टर आले. लस थोडी, टोचणारी माणसं त्याहून थोडी. अंदाजाने गावभर हिंडण्यापेक्षा आधी मोजा आणि मग टोचा, असं त्यांचं म्हणणं. घरोघर विचारायचं, रोगी असेल त्या घरावर नकाशात लाल ठिपका द्यायचा. ठिपके दाट असतील तिथे टोचणारे आधी जाणार. मामाला ही रीत फार आवडली. लोधीपुऱ्याचं काम त्याने मागून घेतलं, कारण तो स्वतः शाळेजवळ राहत असला तरी आम्ही तिथेच राहत होतो आणि गल्लीतलं प्रत्येक घर त्याला ओळखत होतं.

आमच्याकडे देवी आल्या म्हणजे देवीआईच घरी आली, असं मानतात. दाराला कडुलिंबाचे डहाळे बांधतात, घरात फोडणी पडत नाही, बाहेरचा माणूस उंबरा ओलांडत नाही. आईच्या येण्याला रोग म्हणायचं नाही. तिची मोजदाद तर नाहीच नाही.

मामाने काय केलं, तर डहाळे दिसले की चपला काढल्या, लांबूनच हात जोडले आणि पुढचं घर धरलं. जिथे डहाळे नव्हते तिथे मात्र चोख विचारलं, "कोणी आजारी आहे का?" तिथे कोण असणार आजारी? नागपूरच्या डॉक्टरांनी सरळ कडी वाजवली असती. मामा पडला आमच्यातला. देवीआईवर लाल शाईचा ठिपका कसा ठेवायचा, असं त्याला वाटलं. सगळी गल्ली फिरला, तरी डहाळ्यांच्या एकाही घरातून फोडणीचा वास आला नाही, हे त्याच्या नाकाला कळलं होतं. ते त्यानेच नंतर सांगितलं. कागदावर मात्र त्याने लिहिलं, 'लोधीपुरा निरंक'. म्हणजे काही नाही. डॉक्टरांनी नकाशा पाहिला आणि टोचणाऱ्यांना गावाच्या दुसऱ्या टोकाला पाठवलं.

त्या वेळी आमच्या दारालाही डहाळे होते. आत मी होते. माझी बहीण कमल नुकती चालायला लागली होती आणि तिला काहीही झालेलं नव्हतं. आई तिला ओसरीवर ठेवायची. ती धडपडत आत यायची, माझ्या अंथरुणाशी बसायची, माझ्या हातातली कडुलिंबाची काडी ओढायची आणि खुदकन हसायची. मला तेवढाच विरंगुळा होता, म्हणून मीही तिला जा म्हटलं नाही.

माझ्या फोडांवर खपल्या धरल्या आणि कमलला ताप भरला.

ही बातमी मामाला शाळेत कळली. भर दुपारी तो तसाच डॉक्टरांकडे गेला. "लोधीपुरा निरंक नाही," तो म्हणाला, "मी हात जोडले आणि पुढे गेलो." डॉक्टर ओरडले नाहीत. त्यांनी नकाशा त्याच्यापुढे ठेवला आणि लाल शाई दिली. मामाने आठवून आठवून ठिपके दिले. गल्ली लाल झाली. आमच्या घराचा ठिपका त्याने सर्वांत शेवटी दिला. डॉक्टर ओरडले असते तर बरं झालं असतं, असं तो म्हणायचा.

टोचणारे आले आणि गल्लीतली बाकीची पोरं वाचली. आमच्याकडे ते येईपर्यंत कमल गेली होती.

या वेळी टोचणाऱ्यांबरोबर मामा कडी वाजवूनच प्रत्येक घरात जात होता. आमच्या ओट्याशी मात्र तो थांबला, हातात कागद आणि मान खाली. आई दारात आली. मी आत पडल्या पडल्या ऐकत होते.

"भाऊ, तू त्या दिवशी दारापावतर आल्ता," आई म्हणाली. "म्या फटीतून पाह्यलं. हात जोडले अन् निंघून गेला. मले वाटलं, आपला भाऊ आहे, लिहूनच गेला असीन. म्हनून म्या हाक नाही मारली."

आई बाजूला झाली. "ये, अंदर ये आता."

तो आत आला. कमलच्या रिकाम्या झोळीकडे त्याने पाहिलं आणि पटकन कागदाकडे पाहिलं. विचारायचं ते विचारावंच लागणार होतं. "घरात मुलं किती?" त्याचा आवाज इतका बारीक होता की मला वाटलं, दुसराच कोणी बोलतोय.

"एक," आई म्हणाली. "लिही भाऊ. या टाइमाले लिही."

त्याने लिहिलं. ती एक म्हणजे मी. जगल्याची मला त्या दिवशी लाज वाटली, आणि अजूनही वाटते.