डालग्याखालचा बाप

आधी हातातला चहा संपवा, मग सांगतो. न्हाईतर ठसका कुणाला तरी लागंल आणि नाव माझं येईल! अशी फजिती झाली माझी, की तेलगावच्या बाजारात अजून बाया मला बघून तोंडाला पदर लावतात. पण जिंकलो मीच, बरं का! तेवढं ध्यानात ठेवूनच हसा.

झालं असं, आमच्या मंडळींना, म्हणजे अर्चनाला, बचत गटाकडून शिवणकाम शिकायला बीडला जायचं होतं. आठवडाभर मुक्काम. लई दिवसांची इच्छा तिची. पण आमची आई आडवी आली.

"पोरगी तुझ्याबिगर झोपत न्हाई. रातभर रडंल, कोण बघंल?"

मी मिशीवर हात फिरवला. "मी हाय की! एवढी शेरडं सांभाळतो, एक पोरगी सांभाळत न्हाई व्हय?"

"मग आजच झोपवून दाखव," आई म्हणली. "झोपली, तर हिनं खुशाल जावं. रडली, तर बीडचं नाव काढायचं न्हाई!"

आणि दोघी शेजारी जाऊन बसल्या.

दिवस तरी कसला निवडला बघा! दुपारीच आमची शेळी व्यालती. दोन करडं. आमची चार वर्षांची गुड्डी दिवसभर त्यांच्यामागं उड्या मारत होती. करडं दमून झोपली, पण ही न्हाई! खाटेवरून खाली, खालून खाटेवर. अंगात आल्यावाणी! गोष्ट सांगितली, तर तिनं गोष्टीतल्या राक्षसालाच उड्या मारायला लावलं. थोपटायला गेलो, तर म्हणती, "बाबा, आता मी तुला थोपटते," आणि दिला ना पाठीत दणका! अंगाई म्हणून बघितली, तर शेजारचं कुत्रं भुकायला लागलं.

मग मला सुचलं. शेरडं राखणाऱ्याचं डोकं, दुसरं काय सुचणार? रात्री आपण करडांवर डालगं उपडं घालतो. डालगं म्हणजे कामट्यांची मोठी टोपली हो. अंधार झाला की करडू गप! मी गोठ्यातलं सगळ्यात मोठं डालगं उचलून घरात आणलं.

"गुड्डे, करडू-करडू खेळायचं? तू करडू. मी झाकतो. आत गप पडायचं."

"आधी तू करडू!"

आता लेकराचं मन मोडावं का? बसलो उकिडवा आणि घेतलं डालगं अंगावर. गुडघे हनुवटीला, डोकं वर टेकलेलं. गुड्डीनं चारी बाजूंनी फिरून बघितलं.

"बाबा, दगड?"

कुत्र्यानं उलथवू नये म्हणून डालग्यावर मी रोज दगड ठेवतो. कारटीनं ते बघून ठेवलेलं!

"दगड जड असतो, बाळा."

"मग मीच दगड!"

आणि खाटेवरून चढली की वर, गोधडीसकट!

"गुड्डे, उतर. माझी मान मोडंल."

"करडू बोलत न्हाई!"

"बरं. पण तू झोपणार हायस का?"

"दगड बी बोलत न्हाई!"

आणि खरंच, दगड बोलला न्हाई. हलला बी न्हाई. जरा वेळानं वरून बारीक घोरणं ऐकू आलं. जितलो! नाचावं वाटत होतं, पण नाचू कुठं? मी हललो, की दगड जागा होणार. त्यात डालग्यातल्या त्या पिसवा चावायला लागल्या! कधीच्या उपाशी होत्या कुणास ठाऊक.

तेवढ्यात दार वाजलं.

"अगं बया! पोरगी डालग्यावर! आणि बाळ्या कुठाय?" हा आईचा आवाज.

"गेले असतील पारावर पत्ते कुटायला," अर्चना म्हणली. "लेकराला टोपलीवर टाकून!"

आता काय करू? बोललो, तर पोरगी उठंल आणि बीड बुडंल. गप बसलो, तर पळपुटा बाप! आईनं तर माझी पार शाळेला दांडी मारल्यापासूनची पापं मोजायला घेतली. मी सगळं गिळलं. पण अर्चनाचा आवाज भरून आला.

"न्हाई जात मी, आत्याबाई. ह्यांच्या भरवशावर लेकरू कसं सोडू?"

काहीतरी आवाज करायलाच पायजे होता, पण पोरीची झोप मोडंल असा न्हाई. दिवसभर तिच्या कानावर काय पडत होतं? मी बारीक आवाजात म्हणलो,

"बें…"

"आगं, एक करडू हितंच राहिलं!" आई कळवळली. "दुधाबिगर मरंल की बिचारं!"

अर्चनानं गुड्डीला अलगद खांद्यावर घेतलं. आईनं डालगं उचललं. आत मी. उकिडवा, आणि दाढीला एक लेंडी चिकटलेली.

आई दोन पावलं मागं सरली. "अगं बया! ह्ये तर माझंच करडू हाय!"

अर्चना हसून हसून खालीच बसली. आणि गुड्डी? ढिम्म हलली न्हाई! मी लेंडी झटकून ताठ उभा राहिलो. "बघा, झोपली का न्हाई?" सकाळी अर्चना बीडच्या गाडीत, आणि स्टँडवर मी छाती काढून उभा! लई खूश होती ती. मी तिच्याहून खूश.

दोन रोजांनी तिचा व्हिडिओ कॉल आला. मी ऐटीत म्हणलो, "काळजी करू नको, लेक रोज वेळेवर झोपती." तर तिच्यामागं बाया फिदीफिदी हसायला लागल्या.

"कावून हसतेत गं ह्या?"

त्यातली चौसाळ्याची एक बाई पुढं आली. डोक्यावरचा पदर सारखा करून, अगदी अदबीनं म्हणली,

"भाऊजी, आमचे मालक तुमच्यापेक्षा जरा उंच हायेत. बसतील का ओ डालग्यात?"