पिवळं सूत आणि मल्लय्याचं मनगट

रंगखान्यातले किस्से नखांत बसलेल्या रंगासारखे असतात. कितीही घासा, जात नाहीत! बी.एस्सी. होऊन सोलापुरातल्या एका हातमाग कारखान्यात केमिस्ट म्हणून लागलो, तेव्हा तिथला पिवळा रंग शिशाचा आहे हे कळलं. शिसं पोटातून रक्तात जातं, रक्तातून मज्जातंतूंत, आणि मनगट लुळं पडतं. हा पिवळा बंद करायचाच, असं मी पहिल्याच दिवशी ठरवलं.

*

सिद्राममामा रंगारी रंगाच्या हौदातलं पाणी जिभेला लावून रंगाचा अंदाज घ्यायचे.

"मामा, विष आहे ते!" मी ओरडलो.

"गोड हाय की! इख कुटं गोड असतंय व्हय?"

शिशाचा तो क्षार खरोखरच गोड असतो. कॉलेजात शिकलो होतो. चाखणारा भेटेल असं कुणी सांगितलं नव्हतं!

*

विणकर मल्लय्या मागाच्या धोट्यात सुताची नवी कांडी घातली की धोटा ओठांशी धरायचा आणि त्याच्या भोकातून पिवळ्या सुताचं टोक श्वासासरशी ओढून घ्यायचा. दर कांडीला थोडं शिसं पोटात! मी त्याला सूत ओढायला तारेचा आकडा करून दिला.

आठवड्याने विचारलं, "आकडा वापरतोस ना?"

"रोज, सायब! कान लई साफ हुतो!"

*

मालकांना मी हाताच्या मज्जातंतूंचं चित्र काढून दाखवलं. त्यांनी हात पुढे ताणला.

"वीस वर्षं पिवळा विकतोय. बघा, आहे का लुळा?"

"तुम्ही विकता, मालक. ओठांना लावत नाही!"

दुसऱ्या दिवसापासून मला गोदामात बसवलं. मी मधल्या सुट्टीत मागांवर जाऊ लागलो.

*

मल्लय्याच्या पोटात कळा येऊ लागल्या. हिरड्यांवर निळसर रेघ उमटली. एका सकाळी धोटा उचलताना त्याचा उजवा पंजा खाली लोंबला, तो वर होईना.

हाताकडे बघत त्याने विचारलं, "सायब, दुसरा तरी ऱ्हाईल न्हवं?"

मी तडक मालकांना चिठ्ठी लिहिली: एका विणकराचा हात गेला आहे, पिवळा आजच बंद करा.

*

मालक आले, पण रंग बंद करायला नाही.

"लुळा माणूस माझ्या मागावर नको! कोण तो?"

मी नाव सांगितलं नाही. कुणीच सांगितलं नाही. मग त्यांनी दहाही विणकरांना रांगेत उभं केलं.

"हात पुढे! पंजे वर!"

पहिल्याने हात पुढे केला आणि पंजा खाली सोडला. मग दुसऱ्याने. मग तिसऱ्याने. चौथा मल्लय्या; त्याला काही करावंच लागलं नाही. पाचवा, सहावा... दहाही पंजे लोंबते!

मालक पुन्हा पहिल्यापाशी आले. "उचल म्हणतो ना!"

"उचलत न्हाय की, मालक."